काचेच्या हौदातील कलह

गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या काचेच्या हौदात तीन टायगर बार्ब सोडले, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच एंजल माशाचे लांब, झुलते पर कुरतडले गेले. बिचारा कोपऱ्यात निपचित राही, अन्नही घेईना. चूक आमचीच. सुमात्रा-बोर्निओकडील हा पट्टेरी मासा थव्याने राहणारा. सहा-आठ असले म्हणजे त्यांची झटापट बहुधा आपसांतच चालते, दोन-तीनच असले की ती शेजाऱ्यावर येते. तरीही संथ, लांब परांच्या माशाजवळ तो ठेवूच नये. एंजलला आम्ही निराळ्या पात्रात हलविले व थोडे थोडे पाणी वरचेवर बदलीत राहिलो. बार्ब मात्र आणखी पाच आणले. ते सोडण्यापूर्वी दगड व पाणवनस्पती यांची मांडणी बदलली, म्हणजे जुन्यांची हद्द उरत नाही. एंजलच्या परांना आता कडेने पारदर्शक झालर फुटू लागली आहे.