फूटपट्टीला नाव होतं

लिलाव चालू आहे. माल कसला? जुने काळेपांढरे फोटो. २०२२ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीजमध्ये मान रेच्या एका फोटोला १ कोटी २४ लाख डॉलर मिळाले. गणित सोपं आहे. निगेटिव्ह काढली त्याच सुमाराला छापलेली प्रत म्हणजे ‘विंटेज’. तीच निगेटिव्ह पन्नास वर्षांनी छापली की भाव गडगडतो. पाठीवर शिक्का हवा, सही हवी, आजवरच्या मालकांची वंशावळ हवी.

कागदाला वंशावळ! आणि कागदावरच्या माणसाला?

आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावर बघा. १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिलला अजिंठ्याला धाडलं, चित्रांच्या नकला करायला. पुढं त्यानं लेण्यांचे फोटोही काढले. त्याची कबर भुसावळला आहे. त्या काळच्या साहेबांच्या फोटोंत खांबाशेजारी एखादा उघडा माणूस उभा दिसतो. का? खांब किती उंच ते कळावं म्हणून. माणूस नव्हे, फूटपट्टी! १८६८ ते १८७५ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड निघाले, फोटो ४६८. खाली जात छापली, जमात छापली. माणसाचं नाव शोधत बसा. मधेच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. योगायोग म्हणता?

संग्राहक म्हणतात, आम्ही नसतो तर हे वाळवीनं खाल्लं असतं. झोंबतं, पण खरं आहे. जळगाव-धुळ्यात आपणच बापाचा अल्बम रद्दीत किलोवर घालतो. पण वाचवलं म्हणून चेहरा तुमचा होत नाही. बुडत्याला काढणारा त्याचा मालक होतो काय?

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामी होते. दरवर्षी त्या तारखेला माणसं तिथं लोटतात. ही आठवण कुठल्या लिलावात मिळाली नाही, तोंडातोंडी आली. पण ती तोंडं मिटत चाललीत.

म्हणून आजच घरची पेटी उघडा. आजीपुढं फोटो धरा, विचारा, “हाऊ कोन शे?” ती सांगेल ते नाव, गाव, साल मऊ पेन्सिलीनं पाठीवर लिहा. बॉलपेन नको, शाई पुढं उमटते. स्कॅन करा. मग विकायचं तर विका. आणि बोलीवाल्यांना ठणकावून सांगा: कागद तुमचा असेल, माणूस आमचा आहे. त्याचं नाव विचारायला वस्तीत या, आणि येताना त्याची एक प्रत घेऊन या.