मागे कोण वाजवतंय?

मागच्या महिन्यात क्लायंटसमोर आमचं प्रेझेंटेशन झालं. झालं म्हणजे काय, सॉलिड झालं! कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी कॅमेऱ्यापुढे, स्क्रीनवर आकडे, आणि पलीकडे अमेरिकेतली चार-पाच डोकी माना डोलावतायत. शेवटी त्यांचा मोठा साहेब म्हणाला, 'ग्रेट जॉब!' मी म्हणालो, 'थँक यू.' बस्स. फुलस्टॉप. कॉल संपला.

आता गंमत अशी की ज्या कामासाठी ही शाबासकी मिळाली, ते मी केलेलंच नव्हतं. ते करणारा माझ्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं बसला होता. मी अडखळलो की चिठ्ठीवर उत्तर लिहून सरकवत होता. त्याचं नाव काही माझ्या तोंडून निघालं नाही. मुद्दाम नाही हो, राहून गेलं. पण 'राहून गेलं' हे कारण फक्त विसरणाऱ्यालाच पटतं.

तो काही बोलला नाही. तसाही कमीच बोलतो. दीड वर्ष डॅलसला ऑन-साइट होता. येताना बाकीचे चॉकलेटं आणि परफ्यूम आणतात, हा कंट्री म्युझिकचं वेड घेऊन आला. त्या रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला : 'अर्नेस्ट टब ऐक. गाणं नको ऐकूस. मधे काय बोलतो ते ऐक.'

माझं कंट्रीचं ज्ञान म्हणजे कॉलेजच्या ट्रिपला बसमध्ये ओरडलेला जॉन डेन्व्हर. तरी हेडफोन लावले.

टब हा टेक्सासचा. आवाज फार गोड वगैरे नाही, सरळसोट. कडवं संपतं, गिटारचा तुकडा सुरू व्हायची वेळ येते, आणि हा गडी चालू गाण्यात वाजवणाऱ्याचं नाव घेतो. चक्क रेकॉर्डमध्ये! १९५० च्या दशकात त्याच्याकडे बिली बर्ड नावाचा गिटारवाला होता. टबनं त्याला गाण्यागाण्यांतून इतक्यांदा हाक मारली, की रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला मुख्य गायकाइतकंच हेही नाव पाठ झालं. आणि टबच्या स्वतःच्या गिटारच्या पाठीवर काय लिहिलेलं असायचं ठाऊक आहे? मोठ्या अक्षरांत 'थँक्स'. गाणं संपलं की गिटार उलटी करून लोकांना दाखवायचा.

मेसेजचा अर्थ कळला. झोप उडाली. मग रात्री दोनपर्यंत मी एकच उद्योग केला. पोस्टरवर ज्यांचं नाव मोठ्या अक्षरांत, त्यांच्या मागे कोण उभं आहे ते शोधत बसलो.

आपल्याकडे मैफलीत निवेदक सांगतो तरी, तबल्याच्या साथीला अमुक, हार्मोनियमवर तमुक. कंट्रीच्या जुन्या स्टार्सनी ही साथसंगत थेट पाटीवरच आणली. हँक विल्यम्स आणि त्याचे 'ड्रिफ्टिंग काउबॉइज'. टबचे 'टेक्सास ट्रूबडूर्स'. रे प्राइसचे 'चेरोकी काउबॉइज'. मर्ल हॅगार्डचे 'स्ट्रेंजर्स'. बक ओवेन्सचे 'बकरूज'. हसू नका, बकऱ्यांशी संबंध नाही. बकरू म्हणजे तिकडचा गुराखी. एकसारखे भरतकामाचे झगमगीत सूट घालायचे, बसमध्ये झोपायचं, रोज नव्या गावात वाजवायचं. आणि रेकॉर्डिंगची वेळ आली की नॅशव्हिलमध्ये बहुतेकदा स्टुडिओतले ठरलेले वादक बोलावले जायचे. म्हणजे रस्त्यावरची धूळ यांनी खायची आणि रेकॉर्डवर दुसऱ्यांनी वाजवायचं. ओळखीचं वाटतंय ना?

पण काही जणांनी हा नियम मोडला. 'वॉक द लाइन' हा २००५ चा सिनेमा पाहिला असेल तर जॉनी कॅश तुम्हाला माहीत आहे. त्याच्या मागचे दोघं आठवतात? १९५४ साली कॅश एअर फोर्समधून सुटून मेम्फिसला आला. त्याचा थोरला भाऊ रॉय एका मोटार डीलरकडे कामाला होता. तिथलेच दोन मेकॅनिक म्हणजे ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रँट. संध्याकाळी तिघं जमायचे, तिघांच्याही हातात गिटार. तीन गिटारींचा बँड कसा होणार? मग वाटणी झाली. ल्यूथरनं इलेक्ट्रिक गिटार घेतली, ग्रँटच्या वाट्याला तो माणसाएवढा उंच बास आला. वाजवता येत होता का? छे! ग्रँटनं बासच्या मानेवर पट्ट्या चिकटवून कुठे कोणता सूर ते लिहून ठेवलं. ल्यूथरला भराभर वाजवणं जमायचं नाही, म्हणून तो मोजकेच सूर वाजवायचा, पण ठासून.

१९५५ मध्ये सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सनं त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. तिच्या लेबलवर कॅशसोबत 'टेनेसी टू' होते. ड्रमर नव्हताच. १९५६ च्या 'आय वॉक द लाइन'साठी कॅशनं आपल्याच गिटारच्या तारांत कागद खोचला, ड्रमसारखी खरखर यावी म्हणून. रुळांवरून गाडी जावी तसा तो 'बूम-चिका-बूम' ठेका आज जगभर जॉनी कॅशचा म्हणून ओळखला जातो. त्यातला अर्धा दोन मेकॅनिकांच्या न जमण्यातून आलाय! १९६० मध्ये ड्रमर डब्ल्यू. एस. हॉलंड आला आणि 'टू'चे 'थ्री' झाले.

१९६८ च्या जानेवारीत फॉल्सम तुरुंगात तो गाजलेला कार्यक्रम रेकॉर्ड झाला. ऑगस्टमध्ये ल्यूथर घराला लागलेल्या आगीत गेला. पुढच्याच महिन्यात अर्कान्सामधल्या फेएटव्हिलला शो होता आणि विमानाच्या घोळात अर्धा बँड पोचलाच नाही. प्रेक्षकांत बॉब वूटन नावाचा एक चाहता होता. त्याला ल्यूथरचा सूर न् सूर पाठ. त्याला स्टेजवर घेतलं आणि तो पुढची जवळजवळ तीस वर्षं कॅशच्या मागे वाजवत राहिला. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की गर्दीत बसलेल्या कुणीतरी कॅशला नाही, ल्यूथरला ऐकत ऐकत गिटार घटवली होती.

हँक विल्यम्सचंही तेच. 'युवर चीटिंग हार्ट' सुरू होतं ते हँकच्या आवाजानं नाही, डॉन हेल्म्सच्या स्टील गिटारनं. तारांवरून धातूचा तुकडा सरकवत काढलेला रडवा, लांबणारा सूर. तो ऐकल्यावर मला वाटलं, अरे, हे तर आपण ऐकलंय! बरोबर आहे. हे वाद्य हवाई बेटांवरचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे जन्मलं, अमेरिकेत जाऊन कंट्रीत रमलं, आणि इकडे आपल्याकडेही आलं. रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धुना वाजवणारी व्हॅन शिप्लेची हवाईयन गिटार घरातल्या मोठ्यांना विचारा. हेल्म्सची ती चुलत बहीण.

आता ज्या जोडीनं मला खरं गार केलं, तिच्याकडे येतो. बक ओवेन्स आणि डॉन रिच.

कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्ड नावाचं तेलाचं आणि कापसाचं गाव आहे. तिथल्या बारमध्ये इतका गोंगाट असायचा की बारीक, नाजूक वाजवून भागायचं नाही. त्यातून टेलिकास्टर गिटारचा धारदार, खणखणीत बाज तयार झाला. त्यातला मोठा स्टार बक. डॉन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. मूळचा फिडलवाला पोरगा, पुढे गिटारमध्येही उस्ताद झाला. वर बकच्या आवाजावर दुसरा आवाज असा चढवायचा, की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळू नये. बक आपल्या रेकॉर्ड्सवर स्वतःच्या बँडलाच वाजवायला लावायचा. १९६३ मध्ये 'अॅक्ट नॅचरली' नंबर वन झालं, १९६५ मध्ये बीटल्सनी तेच गाणं रिंगोच्या आवाजात केलं. त्याच वर्षी 'बकरू' ही शब्दच नसलेली, निव्वळ वाद्यांची धून नंबर वन! २५ मार्च १९६६ ला हे गाववाले न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आले.

१७ जुलै १९७४. डॉन मोटारसायकलवरून सुट्टीसाठी घरच्यांकडे निघाला होता. वाटेत अपघात झाला आणि तो गेला. वय ३२. बकनं त्याला मोटारसायकल सोड म्हणून कितीदा विनवलं होतं. त्यानंतर बक टीव्हीवर दिसत राहिला, धंदा करत राहिला, पैसा होताच. गाण्यातली जान मात्र गेली. १९८० च्या सुमारास रेकॉर्डिंगही थांबल्यातच जमा झालं. १९८८ मध्ये ड्वाइट योकम या तरुण गायकानं त्याला हाताला धरून परत आणलं, तेव्हा कुठे पुन्हा एकदा नंबर वन. २४ मार्च २००६ ला बरं वाटत नसतानाही तो आपल्या बेकर्सफिल्डच्या क्लबात गायला, कारण लांबून चाहते आलेत असं कळलं होतं. रात्री झोपेतच गेला. २५ मार्च. कार्नेगी हॉलला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी.

हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. कारण मंडळी, एक गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेली नाही.

माझ्या इनबॉक्समध्ये त्याचा एक मेल तीन आठवडे पडून होता. त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर लीडची जागा मिळत होती. आमच्याकडे जुन्या मॅनेजरनं 'रिलीज' दिल्याशिवाय माणूस हलत नाही. जुना मॅनेजर म्हणजे अस्मादिक. मी 'बघतो', 'या क्वार्टरनंतर' असं करत वेळ काढत होतो. मनात एकच भीती : हा गेला तर चिठ्ठ्या कोण सरकवणार? आणि बकची गोष्ट वाचून ती भीती दुप्पट झाली. म्हटलं बघा, हेच होतं!

पण मग मी पुन्हा टबकडे गेलो. त्याच्या बँडमध्ये जॅक ग्रीन नावाचा ड्रमर होता. म्हणजे मागच्यांतही मागे बसणारा. टबनं त्याला पुढे बोलावून गायला लावलं. १९६६ मध्ये त्याचं 'देअर गोज माय एव्हरीथिंग' तुफान चाललं, तेव्हा टबनं त्याला धरून ठेवलं नाही, जा म्हणाला. १९६७ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं पहिल्यांदाच पुरस्कार दिले, त्यात सर्वोत्कृष्ट गायक कोण? ड्रमर जॅक ग्रीन! टबचाच गिटारवाला कॅल स्मिथही पुढे स्टार झाला. रे प्राइसच्या 'चेरोकी काउबॉइज'मधून विली नेल्सन आणि रॉजर मिलर बाहेर पडले. आणि बकच्याच बँडमध्ये थोडे दिवस बास वाजवून गेलेला एक पोरगा, ज्यानं 'बकरूज' हे नाव सुचवलं, तो म्हणजे मर्ल हॅगार्ड. बकनं डॉनला गमावलं ते अपघातात. मी माझ्या माणसाला कुणी नेऊ नये म्हणून कुलूप लावून बसलो होतो. दोन्हीत फरक आहे, आणि तो कळायला मला रात्रीचे दोन वाजले.

सोमवारी दोन मेल पाठवले. पहिला रिलीजचा. दुसरा क्लायंटच्या मोठ्या साहेबाला : त्या दिवशी तुम्ही ज्याला ग्रेट जॉब म्हणालात, तो जॉब या माणसाचा. नाव पहिल्याच ओळीत, सीसीमध्ये त्याचा नवा बॉस.

आता माझं कसं होणार, ते खरंच माहीत नाही. पुढच्या रिव्ह्यूला डावीकडची खुर्ची रिकामी असेल. नवीन मुलगी येतेय, हुशार आहे म्हणतात. तिचं नाव मी आत्ताच पाठ केलंय.

तुम्ही या वीकएण्डला एवढंच करा. बक ओवेन्सचं १९६४ चं 'टुगेदर अगेन' लावा आणि मधल्या तुकड्याला गप्प बसा. पेडल स्टीलवर टॉम ब्रमली आहे. नाव मोठ्यानं घ्या. घरचे विचारतील कोण, तर सांगा.

हां, त्याचं उत्तर राहिलं. मेल वाचून तो माझ्या डेस्कपाशी आला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "थँक्स. पण माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय."

तीन वर्षं शेजारी बसतोय आम्ही! म्हटलं, चुकलं रे, कॉलममध्ये तुझं नाव छापून भरपाई करतो. तर म्हणाला, "नको. आधी स्पेलिंग शीक."