जयंतीचा चुना आणि पत्र्याखालचे घर



एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांत चुन्याचा वास दरवळू लागतो. १४ एप्रिलच्या आत घर झाडून, रंगवून, दारावर निळा पट्टा ओढून तयार ठेवायचे, ही आपली रीत. बेलापूरही त्याला अपवाद नाही. बेलापूर म्हणजे नवी मुंबईचे नव्हे, आपले प्रवरेकाठचे, श्रीरामपूर तालुक्यातले. पण जयंतीची मिरवणूक आटोपून माणूस भर दुपारी घरी येतो आणि त्याला घरात बसवत नाही. भिंत पांढरीशुभ्र असते, पण डोक्यावरचा पत्रा तव्यासारखा तापलेला असतो. म्हणून यंदा या सदरातून एवढेच सांगायचे आहे की चुना कालवलाच आहे, तर थोडा विचार छपराचा, चुलीचा आणि खिडकीचाही करू या.

घर तापते ते वरून

नगर जिल्ह्यातली जुनी घरे धाब्याची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर जाड मातीचा थर. उन्हाळ्यात ती गार राहत, कारण ऊन मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई. पण धाब्याला सागवान लागे, दरवर्षी माती टाकावी लागे. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांच्या वाट्याला ते कमीच आले. आपल्याकडे आधी गवत आणि पाचट, मग पत्रा. पत्रा गळत नाही, लवकर पेटत नाही, म्हणून तो आपल्याला सुधारणा वाटला आणि ती सुधारणा होतीच. पण पत्र्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. मे महिन्यात उन्हातला पत्रा ६० अंशांच्या वर जातो आणि ती सगळी धग खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर फेकतो. हिवाळ्यात उलटे होते. रात्री तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो आणि पहाटे आतून दव ठिबकते.

अमेरिकेत थंडी फार. तिथल्या सरकारने १९७६ साली गरिबांच्या घरांच्या फटी बुजवून, छताला अस्तर लावून ऊब टिकवण्याची योजना काढली. आपला शत्रू थंडी नसून ऊन आणि धूर आहे. त्यामुळे त्यांची फटी बुजवण्याची पद्धत जशीच्या तशी उचलली तर आपल्या घरात धूर कोंडेल. घेण्यासारखी गोष्ट एकच. गरिबाचे घर राहण्यालायक असणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तिथे कायद्याने मान्य झाले.

छपरासाठी काय करावे

पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पांढऱ्या छपराखालची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी कमी तापते. हा फरक ऐकायला लहान वाटेल, पण दुपारी तान्हे मूल झोपते की रडते, ते एवढ्या फरकावरच ठरते.

आता छपरागणिक वेगळी रीत पाहा.

स्लॅब असेल तर चुना उत्तम. चुना रात्रभर भिजवावा, गाळावा, त्यात डिंक किंवा रंगाच्या दुकानात मिळणारा चिकट द्रव घालावा आणि ताकाइतका पातळ करून दोन हात द्यावेत. संध्याकाळी काम करावे. डोळ्यांत उडू देऊ नये.

लोखंडी पत्रा असेल तर नुसता चुना टिकत नाही. पहिल्या पावसात निघून जातो, शिवाय ओल्या चुन्याने पत्र्यावरचा जस्ताचा थर खराब होतो. गंज खरवडून, प्रायमर मारून पांढरा ऑइलपेंट किंवा छपरासाठीचा पांढरा रंग द्यावा.

सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात बहुतेक ॲस्बेस्टॉस असते. तो घासू नये, फोडू नये, छिद्रे पाडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. पाणी मारून, हलक्या हाताने वरून चुना द्यावा. आणि त्यावर उभे राहू नये. असा पत्रा एकदम तुटतो आणि माणूस खाली येतो. आडवी फळी टाकूनच चढावे.

रंगाला पैसे नसतील तर शेतात वापरतात ती शेडनेट पत्र्यापासून हातभर उंच ताणून बांधा. मधून वारा खेळला पाहिजे. पत्र्याला चिकटून बांधली तर उपयोग कमी. खालच्या बाजूने थर्माकोल लावणारे पुष्कळ आहेत. स्वयंपाकघरात तो लावू नका. ठिणगी पडली तर तो भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यापेक्षा बांबूच्या तट्ट्यांचे छत बरे, तेही चुलीपासून दूर.

वारा, पंखा आणि विजेचे बिल

आपल्या भागातली हवा कोरडी. दिवसा तापते, रात्री उतरते. म्हणून सकाळी नऊ-दहापासून पश्चिमेच्या खिडक्या झाकून ठेवा आणि सूर्य मावळला की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडा. खिडकीवर ओले गोणपाट सोडले तर आत येणारा वारा गार होतो. पण समोरची खिडकी उघडी हवी. कोंडलेल्या खोलीत नुसती दमट वाफ होते. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही.

आता पंख्याचा हिशेब. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा. रोज १५ तास चालला तर महिन्याला जवळजवळ ३४ युनिटे. नवा बीएलडीसी पंखा सुमारे २८ वॅटचा. तेवढ्याच वेळात साडेबारा युनिटे. दोन पंखे असतील तर महिन्याला ४० युनिटांच्या वर बचत. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांना दर एकदम चढतो, हे ध्यानात ठेवा. बिल १४० युनिटांचे येत असेल तर ही बचत महागड्या युनिटांतूनच होते. नवा पंखा महाग पडतो, म्हणून जुना बिघडेल तेव्हा तो घ्या. ६० वॅटचा बल्ब मात्र आजच काढा. ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो.

विजेचा विषय निघाला म्हणून आठवण देतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजधोरणाच्या समितीसमोर बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, ही भूमिका मांडली. देशाचे दारिद्र्य हटण्याशी त्यांनी विजेचा संबंध जोडला होता. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळ्या कुटुंबासह राहून, रात्री दिव्याशी बसून शिकलेल्या माणसाची ती दृष्टी होती. आपल्या पोरांच्या अभ्यासाला उजेड आणि वारा मिळाला पाहिजे, ही चैन नव्हे.

धूर कोणाच्या छातीत जातो?

भगिनींनो, आता तुमच्याशी बोलायचे आहे, आणि बंधूंनी हा भाग वाचल्याशिवाय पान उलटू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक बालके होती. लाकूड, गोवऱ्या, पाचट यांच्या धुराने दमा बळावतो, फुप्फुसे निकामी होतात, लहान मुलांना न्यूमोनिया होतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. जिने जन्मात विडी ओढली नाही त्या आजीला खोकला का लागतो, याचे उत्तर चुलीत आहे.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. घरोघर गॅस आला, पण टाकी भरायला पैसे लागतात, म्हणून चूल गेली नाही. भाकरी चुलीवर, अंघोळीचे पाणी चुलीवर, गॅस चहापुरता. ही ओढाताण समजण्यासारखी आहे. तरी दोन गोष्टी करता येतात. एक, पाण्याची चूल घराबाहेर, पडवीच्या टोकाला न्या. दिवसातला निम्मा धूर तिथेच कमी होईल. दोन, आतल्या चुलीला धुराडे बसवा, ते छपराच्या वर काढा आणि दर महिन्याला काजळी काढा. १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुली पुष्कळ वाटल्या. त्यातल्या कितीतरी चुली धुराडे तुंबल्यामुळे धूर ओकू लागल्या आणि बायकांनी फोडून टाकल्या. लाकूड वाळलेले आणि बारीक फोडलेले वापरा. पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी कधीही घालू नका.

आपला भाग उसाचा, पाचट मुबलक. पुण्याच्या आरती संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याची पद्धत काढली आणि तिला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांना धूर जवळजवळ नसतो. महिला बचत गटांनी विचार करावा असा हा धंदा आहे. पण लक्षात ठेवा, कोळशाला धूर नसला तरी विषारी वायू असतो. थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझरही लावू नका. या वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

आणि डासांची वेटोळी अगरबत्ती? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. ती लावून, दार लावून लेकरांना झोपवण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. वंदनेच्या वेळीही एकच अगरबत्ती पुरे, आणि खिडकी उघडी असावी. तथागतांना धुराची गरज नाही.

वातपान

हे मी मनचे सांगत नाही. विनयपिटकातला चुल्लवग्ग पाहा. विहारांना खिडक्या नव्हत्या, डोळ्यांना त्रास होई, कुबट वास येई. तेव्हा तथागतांनी तीन प्रकारच्या खिडक्यांची अनुमती दिली. खिडकीला पालीत शब्द आहे वातपान, म्हणजे वारा पिण्याची जागा. छपरे पाच प्रकारची सांगितली आहेत, विटांची, दगडाची, चुन्याची, गवताची, पानांची. भिंतींना पांढरा रंग देण्याचीही मुभा दिली. आणि जिथे अग्नी पेटवून अंग शेकत, त्या जंताघराला धूर जाण्यासाठी धूमनेत्त म्हणजे धुराडे ठेवण्यास सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या डोळ्यांची काळजी घेतली गेली. आज उपासिकांच्या डोळ्यांची कोण घेणार?

घरकुल बांधताना

आपल्यातील अनेकांना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळते. जागा थोडी, साधारण २६९ चौरस फूट. पैसा अपुरा पडतो, मग काटछाट कशात होते? खिडकीत. गवंडी म्हणतो, मागे कशाला खिडकी? आणि घरधनी मान डोलावतो. जी बाई त्या खोलीत रोज तीन-चार तास काढणार, तिला कोणी विचारत नाही. बाबासाहेब परदेशी असताना रमाईंनी गोवऱ्या थापून संसार चालवला, असे आपण अभिमानाने सांगतो. तिच्या नावाच्या घरात तिच्या लेकींनी धुरात खोकावे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून बांधकामाआधी घरातल्या बाईला घेऊन जागेवर उभे राहा. वास्तुशास्त्रवाल्याला बोलावू नका, वारा कुठून येतो ते पाहा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून चूल पूर्वेच्या अंगाला ठेवली तर धूर घरभर न फिरता बाहेर जातो. यात कारण वाऱ्याचे आहे, देवाचे नाही. समोरासमोर दोन खिडक्या, छपराखाली एक झरोका आणि पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा लिंबाचे झाड. एवढे सांभाळा.

एकट्याच्या बळावर मात्र सगळे होत नाही. घरे पाठीला पाठ लावून असतात. एकाचा धूर दुसऱ्याच्या खिडकीत जातो. त्यासाठी विहारात बैठक घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. ती दरवर्षी कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. वस्तीतल्या छपरांना पांढरा रंग द्यावा आणि वस्तीच्या कडेला कचरा पेटवणे बंद करावे, असे लेखी ठराव मांडा.

बेलापूरजवळच्या हरेगावी १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदार परिषद भरली होती. वतनाच्या नावाखाली आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या चुलीसाठी लाकडे फोडली. ती वेठ कायद्याने गेली. आपल्या घरातली चूल आणि आपल्या डोक्यावरचा पत्रा आता आपल्या हातात आहे. यंदा जयंतीच्या आत निदान एक काम करा. छप्पर रंगवा, नाहीतर पाण्याची चूल बाहेर न्या, नाहीतर बंद पडलेली खिडकी उघडा. आणि जे कराल ते शेजाऱ्यालाही सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!