मुदत वाढली, खतावणीतले प्रश्न कायम

चेन्नई : आर्थिक वर्ष २०२४-२५ चे करलेखापरीक्षण अहवाल सादर करण्याची ३० सप्टेंबरची मुदत २०२५ मध्ये दोनदा पुढे ढकलावी लागली. प्रकरण उच्च न्यायालयांत गेल्यानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ सप्टेंबरला ती ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि नंतर २९ ऑक्टोबरला १० नोव्हेंबरपर्यंत वाढवली. पहिल्या मुदतवाढीच्या वेळी मंडळाने दिलेली आकडेवारी बोलकी होती. २४ सप्टेंबरपर्यंत ४ लाख २ हजारांहून अधिक अहवाल दाखल झाले होते आणि त्यांपैकी ६० हजारांहून अधिक एकट्या त्या दिवशी आले होते. पोर्टल सुरळीत चालू असल्याचेही मंडळाने त्याच निवेदनात नमूद केले होते.

पोर्टल सुरळीत होते, तर काम अडले कुठे, याचे उत्तर चेन्नईसारख्या शहरात शोधणे सोयीचे आहे. नुंगमबाक्कममधील महात्मा गांधी मार्गावर प्राप्तिकर विभागाचे आयकर भवन आहे आणि सनदी लेखापाल संस्थेच्या दक्षिण भारत विभागीय परिषदेचे कार्यालयही त्याच मार्गावर आहे. ‘झोहो बुक्स’ हे लेखा सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी याच शहरातली, तर ‘टॅली’ शेजारच्या बंगळुरूची. तेरीजपत्रक, टीडीएसचा गोषवारा, जीएसटीची जुळवणी ही पूर्वी कित्येक दिवस घेणारी कामे आता काही मिनिटांत होतात. तरीही सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लेखापालांच्या कार्यालयांत पूर्वीइतकाच जड जातो. त्याचे एक कारण असे की अहवालातले अवघड प्रश्न बेरजेचे नसून वर्गवारीचे असतात, आणि वर्गवारी वर्षभर नोंदी घालणाऱ्या माणसाच्या हाती असते.

फॉर्म ३सीडीमधील कलम २२ हे त्याचे ठळक उदाहरण. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवली नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत वजावटीस पात्र ठरत नाही. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून हा नियम लागू आहे. मार्च २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा पुरवठादारांना एकूण किती देणे होते, त्यातले किती मुदतीत दिले आणि किती नाही, हा तपशीलही अहवालात मागितला जातो. सॉफ्टवेअर बिलाची तारीख आणि रक्कम चुकताना दिसलेली तारीख यांतले अंतर अचूक मोजते. पुरवठादार नेमका कोण, हे मात्र त्याला सांगावे लागते.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारा कारखानदार आणि सौकारपेठेतील घाऊक व्यापारी, दोघांकडेही उद्यम नोंदणी क्रमांक असू शकतो. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये ही नोंदणी पुन्हा खुली झाली, ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. वेळेवर देयके मिळण्याचे संरक्षण त्यांना नाही. खात्याच्या मास्टरमध्ये ‘उद्यम : होय’ एवढीच खूण असेल, तर दोघे एकाच रांगेत बसतात. भागीदारी संस्थेचे अशा चुकीच्या खुणेमुळे २० लाख रुपयांचे देणे उत्पन्नात मिळवले गेले, तर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरून ६ लाख २४ हजार रुपयांचा बोजा पडतो. उलट चूक झाली, म्हणजे खऱ्या लघु उद्योगाला खूणच नसली, तर हाच प्रश्न पुढे करनिर्धारणात उभा राहतो. त्यात १ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या असून लघु उद्योगाची उलाढाल मर्यादा १०० कोटी रुपये झाली आहे. तोपर्यंत मध्यम असलेले अनेक पुरवठादार त्या तारखेपासून लघु ठरतात; जुने मास्टर तसेच पुढे ओढणाऱ्यांना ते कळणारही नाही.

मराठी वाचकांच्या जवळचे उदाहरण गलाई व्यवसायाचे आहे. खानापूर, आटपाडी, विटा या भागांतून गेलेली कुटुंबे तमिळनाडूसह देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम करतात. ग्राहकाचे सोने मजुरीवर गाळून दिले, तर मजुरी हीच उलाढाल. तेच सोने विकत घेऊन, गाळून विकले, तर सोन्याची पूर्ण किंमत उलाढालीत धरली जाते. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर असताना वर्षाला अवघा एक किलो व्यवहारही एक कोटीची मर्यादा ओलांडतो. आठ टक्के अनुमानित नफ्याची सवलत या पातळ नफ्याच्या धंद्याला फारशी उपयोगी नाही. त्यामुळे व्हाउचर ‘मजुरी’ म्हणून पडले की ‘विक्री’ म्हणून, यावर लेखापरीक्षण लागू होणार की नाही हे ठरू शकते.

रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांपर्यंत असतील, तर मर्यादा दहा कोटी रुपये होते. इथेही मेख आहेच. ‘अकाउंट पेयी’ नसलेला धनादेश कायद्याने रोखीत मोडतो, पण सॉफ्टवेअरमध्ये तो बँक खात्यात दिसतो. चूक लक्षात आली नाही आणि अहवाल सादरच झाला नाही, तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा दंड होऊ शकतो.

अहवाल तयार झाल्यावरही सनदी लेखापालाने डिजिटल स्वाक्षरीने तो चढवणे पुरेसे नसते. करदात्याने स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो. दुकानदाराचा पासवर्ड पुतण्याच्या मोबाइलवर आणि पुतण्या गावाला, असली अडचण कोणत्याही आकडेवारीत येत नाही. मात्र सगळा दोष व्यापाऱ्यावर ढकलणेही योग्य नाही. वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना फॉर्म बदलायचा आणि मागच्या बारा महिन्यांचा नवा तपशील मागायचा, हा पायंडा सोयीचा नाही.

१ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होण्याची तारीख असून त्यात करलेखापरीक्षणाची तरतूद कलम ६३ मध्ये आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे लेखापरीक्षण मात्र १९६१ च्या कायद्यानुसारच. त्यासाठीच्या नोंदी एप्रिल २०२५ पासूनच्या आहेत.