जुनी गाडी : दुरुस्त करावी की बदलावी?

आमच्या सात आसनी डिझेल गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५च्या नोव्हेंबरात संपत होती. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या दारात ती उभी राहिलेली आहे आणि तिच्यावर त्यांचे प्रेमही तेवढेच आहे. खानापूरची माझी साप्ताहिक ओपीडी, चोर्ला घाटातून गोव्याच्या खेपा, मुलीचे लग्न, सारे तिने पार पाडले. वडिलांना अखेरचे रुग्णालयात नेले तेही तिच्यातूनच. अशा गाडीविषयी निर्णय घेताना मन तटस्थ राहत नाही, हे आधीच कबूल करतो.

उद्यमबागेतील आमच्या मिस्त्रींनी क्लच, टर्बो, सस्पेन्शनचे बुश, एसीचा कॉम्प्रेसर आणि चार टायर मिळून १ लाख ६० हजारांचा अंदाज दिला. वर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढं करा, मग पाच वर्षं काय बघायला नको." नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले आहे, तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली की पुढील पाच वर्षे मिळतात. म्हणजे वर्षाला सुमारे ३३ हजार. उलट नवी गाडी कर व विमा धरून पंचवीस लाखांच्या घरात जात होती. आयकराच्या हिशेबात तर १५ टक्के घसाऱ्याने पंधरा वर्षांत मूळ किमतीचा जेमतेम नऊ टक्के भाग शिल्लक राहतो. जुनी ठेवण्यात कसलीच हानी दिसत नव्हती. शोरूमच्या झगमगाटाला भुलून चांगली गाडी टाकणाऱ्यांतला मी नाही. दुरुस्ती करायची, हे ठरले.

त्याच सुमारास पुण्याहून मुलगी आली. नातू अडीच वर्षांचा. जावयांनी त्याची खास बेबी सीट आणली होती. ती मधल्या रांगेत पट्ट्याने कशीबशी बसली. त्याची दोन मावसभावंडे, सात व दहा वर्षांची, आनंदाने मागे चढली आणि एकमेकांकडे तोंड करून आडव्या सीटवर बसली. तेथे पट्टा नाही. कधीच नव्हता. माझी मुलगीही अनेक वर्षे तेथेच बसत असे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मानेचे स्नायू दुबळे असतात, हे विद्यार्थ्यांना शिकवत आलो. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर आडवे बसलेले मूल त्याच वेगाने कुशीच्या अंगाने पुढे फेकले जाते. त्याला अडवणारे काही नसते. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावल्यास १,००० रुपये दंड, ही तरतूद २०१९च्या दुरुस्ती कायद्यात आली. नव्या गाड्यांत एबीएस व चालकाची एअरबॅग २०१९मध्ये आणि शेजारच्या आसनाची एअरबॅग २०२२पासून सक्तीची झाली. आमच्या गाडीत यांतले काहीही नव्हते. मिस्त्रींच्या यादीतही नव्हते, आणि त्यात त्यांची चूक नाही. दुरुस्तीने गाडी २०१०मध्ये होती तशी होणार होती. मुळात तशी असणेच पुरेसे नव्हते.

"पंधरा वर्षांत काही झाले नाही," असे मी पत्नीला म्हणालो आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लसी, आम्ही वाढलो नाही का, हा प्रश्न ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. जी मुले वाढली नाहीत, ती हा प्रश्न विचारायला येत नाहीत.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत निराळे पडले. "मागच्या सीट काढून टाक, मुलांना पट्टे लावून मधे बसव, घाटात सावकाश चालव. पंचवीस लाख कशाला?" यात तथ्य आहे. घरात दोघेच असतील आणि गाडी टिळकवाडी ते कॅम्प एवढीच फिरत असेल, तर खुशाल दुरुस्त करावी. ज्यांना नवी परवडत नाही, त्यांनी आडव्या सीट आजच काढाव्यात. मी हे पंधरा वर्षांपूर्वी करायला हवे होते. परंतु सुट्टीत आमच्याकडे तीन मुले आणि चार मोठी माणसे असतात, आणि वाट चोर्ल्याची. आम्ही कर्ज काढून नवी घेतली. तिची तिसरी रांग समोर तोंड असलेली आहे व प्रत्येक जागेला तिरका पट्टा आहे.

जुनीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र याहून अवघड निघाला. मिस्त्रींनी गिऱ्हाईक आणले. खानापूर तालुक्यातील एक गृहस्थ. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून शाळेची मुले ने-आण करतात. १ लाख ७५ हजार रोख द्यायला तयार. किती मुले बसवता, असे विचारले, तर म्हणाले, "चौदा तर आरामात बसत्यात." नोंदणीकृत भंगार केंद्रात सुमारे पन्नास हजार मिळणार होते. नव्या गाडीच्या करात भंगाराच्या प्रमाणपत्रावर काही सवलत मिळू शकते, पण फरक मोठाच होता. मी एक दिवस विचारात घालवला. पत्नी एवढेच म्हणाली, "त्या चौदांतल्या निम्म्यांची लसीकरणाची कार्डे तुमच्याच हातची असतील."

गाडी भंगारात दिली. महिन्याभराने मिस्त्रींकडून कळले, त्या गृहस्थांनी निपाणीहून तशीच एक आणली. पुढच्या बुधवारी ओपीडी आटोपून मी त्यांच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे.