म्हाताऱ्या कुत्र्याचा वास

भुशीच्या एका भगिनीचं पत्र आलंय. त्यांचे शौहर धरणाच्या बाजूला एका बंगल्याची राखण करतात. मालक मुलाकडे परदेशी गेले आणि जाताना तेरा वर्षांचा लॅब्रडॉर दीड महिन्यासाठी यांच्या हवाली करून गेले. कुत्रा स्वभावाने गरीब, पण वास असा की शेजारच्या खोलीतही जेवण जात नाही. दोनदा अंघोळ घातली, अंगाला पावडर लावली, रोज फिनाईलने फरशी पुसली. दोन दिवसांत पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, त्याला गॅरेजमध्ये बांधा, नाहीतर तुमच्या नमाजा कशा होणार? लोणावळा-खंडाळ्यात बंगले सांभाळणारी कितीतरी कुटुंबं आहेत, तेव्हा हा प्रश्न एकट्या या भगिनीचा नसावा.

सर्वांत आधी ते फिनाईल बंद करा. पुसलेल्या फरशीवरून कुत्रा चालतो, मग पंजे चाटतो आणि फिनाईल पोटात जातं. म्हाताऱ्या जनावराला ते बाधतं. लघवीवर ब्लीच ओतू नका, त्याची वाफ तुमच्या आणि त्याच्या छातीला लागते. अत्तर, टाल्कम पावडर, कापूर, डांबराच्या गोळ्या यांनी तर वासावर वास चढतो, आणि डांबराची गोळी कुत्र्याने खाल्ली तर ते सरळ विष आहे. लघवी आधी कापडाने टिपून घ्या, मग निम्मं पाणी निम्मं सिरका करून पुसा आणि पंखा लावून जागा पूर्ण कोरडी करा. हातमोजे घाला. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस जनावरांच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, आणि कामाच्या हातावर एखादी चीर असतेच.

आता मूळ गोष्ट. ‘म्हातारा झाला, वास यायचाच’ हे आपण घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दलही फार सहज बोलतो. नुसत्या वयाने एवढी दुर्गंधी येत नाही. काहीतरी कुजतंय, सुजलंय किंवा ओलं राहतंय म्हणून ती येते. तेव्हा नाकाला पदर लावण्याऐवजी एकदा नीट वास घ्या: तोंडाशी, दोन्ही कानांशी, पाठीवर, शेपटीखाली. कुठे जास्त येतो ते कळलं की अर्धं काम झालं.

भुशीत पहिला संशय पावसावर घ्यावा. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात इथे धरण बांधलं, ते काही उगाच नाही. जुलैत तिथे दोरीवरचा कपडा चार दिवस वाळत नाही, मग लॅब्रडॉरची दाट दुहेरी केसांची कातडी कशी वाळणार? ओल्या केसांखाली बुरशी धरते आणि आंबूस, कुबट वास सुटतो. म्हणजे वास येतो म्हणून अंघोळ घालायची आणि अंघोळीने आलेल्या ओलीमुळे पुन्हा वास येतो! या दिवसांत अंघोळ कमी आणि कोरडं करणं जास्त. फिरून आला की जुन्या सुती कपड्याने पोट, काखा आणि बोटांच्या मधल्या जागा पुसा. अंघोळ घालायचीच तर कुत्र्यांच्या शाम्पूने, दुपारी, आणि नंतर पंख्याखाली मुळापर्यंत वाळेतो बसवा. आपल्या अंगाच्या साबणाने त्याची कातडी आणखी बिघडते. अंथरुणाला दोन खोळी ठेवा. एक धुण्यात, एक वापरात.

कान लोंबते असले की आत हवा जात नाही. तपकिरी चिकट मळ, आंबट वास, सारखं डोकं झटकणं असेल तर कानात बुरशी किंवा पू आहे. तेल घालू नका, काडी तर मुळीच नाही.

तोंडाचा वास म्हाताऱ्या कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळतो. दातांवर पिवळं-तपकिरी कीटण, लाल हिरड्या, एका बाजूने चावणं, लाळेत रक्त. हे दुखणं असतं आणि बिचारा सांगत नाही. माणसांची टूथपेस्ट वापरू नका, आपली दुखण्याची गोळीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. डॉक्टरकडे नेईपर्यंत अन्न मऊ करून द्या. तोंडाला लघवीसारखा वास येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. गोडसर, पिकल्या फळासारखा येत असेल, सोबत उलट्या आणि मरगळ असेल, तर मधुमेह बळावलेला असू शकतो. तिथे उद्यावर टाकू नये.

झोपेत लघवी झिरपणारा कुत्रा हट्टी नसतो. त्याला मारू नका आणि पाणी तोडू नका. मात्र तो एकाएकी खूप पाणी प्यायला लागला असेल तर ते डॉक्टरांना सांगा. माशासारखा उग्र वास आणि बूड जमिनीला घासत चालणं म्हणजे शेपटीखालच्या ग्रंथी तुंबल्यात. त्या पिळणं डॉक्टरांचं काम. आणि सांभाळायला मादी असेल, तिचं गर्भाशय काढलेलं नसेल, माज होऊन काही आठवडे झाले असतील आणि मागून घाण वासाचा स्राव येत असेल किंवा ती उलट्या करत पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठला नाही तर ती दगावते.

पावसाळ्यात मला सर्वांत भीती वाटते ती आळ्यांची. म्हातारं जनावर फार वेळ एका कुशीवर पडून राहतं, केसांच्या जटा होतात, खाली कातडी ओली राहून फुटते. माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात आळ्या आत शिरतात. वरून काही दिसत नाही. फक्त मेलेल्या उंदरासारखा वास, एकच जागा सारखी चाटणं, त्या जागेवर घोंघावणाऱ्या माश्या. रोज संध्याकाळी केस बाजूला करून शेपटीखाली, कानामागे, कोपरांना पाहा. आळ्या दिसल्या तर रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन ओतणारे सल्लागार गल्लीत पाच भेटतील. त्यांचं ऐकू नका, उघड्या मांसावर ते निखाऱ्यासारखं लागतं. जखम स्वच्छ कपड्याने हलकी झाका, माशा लागणार नाहीत अशा खोलीत ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. गॅरेजमध्ये ओल्या फरशीवर बांधलेल्या कुत्र्याचं नेमकं हेच होतं, म्हणून सासूबाईंचा तोडगा मला मान्य नाही.

त्यांची पाकीची काळजी मात्र रास्त आहे. कुत्र्याला हात लागल्याने वुजू तुटत नाही. जिथे नापाकी लागली ती जागा धुवायची असते. कोरड्या हाताला कोरडे केस लागले तर काही धुवावं लागत नाही. लाळ नापाक, यावर शाफई आणि हनफी दोघे एक आहेत. शाफई मसलकात ओलं अंग लागलं तरी सात वेळा धुणं आणि त्यात एकदा माती, हा नियम आहे. हनफींकडे तीन वेळा धुतलं की पाक. लोणावळ्यात कोकणातली शाफई आणि घाटावरची हनफी घरं शेजारी नांदतात, म्हणून दोन्ही सांगितलं. बारकावे आपल्या आलिमांना विचारा. व्यवहारात, कुत्र्याच्या कामाचा एक जोड कपडा आणि त्याची भांडी वेगळी ठेवा, नमाजाची खोली बंद ठेवा. अडचण बरीचशी तिथेच सुटते. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केल्याची हदीस सासूबाईंनाही ठाऊक असेल.

आता मालकांना आजच फोन करा. ‘वास येतो’ एवढंच म्हणू नका, ती तक्रार वाटते. ‘डाव्या कानातून येतो, तपकिरी मळ आहे, तीन दिवस झाले’ असं सांगा, फोटो पाठवा, नेहमीचे डॉक्टर कोण, औषधं कोणती ते विचारा. खर्च कोण आणि कसा देणार हेही तेव्हाच ठरवा, संकोच नको; पगारातून कुत्र्याची औषधं आणणारे राखणदार मी पाहिलेत. फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेवा आणि डॉक्टरकडे निघा, पावती जपून ठेवा. पुढच्या वेळी कुणी जनावर सोपवायला आलं तर ते दारातून निघण्याआधी, त्यांच्या देखत, त्याचं तोंड उघडून आणि कान उचलून पाहून घ्या.