पंचनाम्यात न मावणारे नुकसान

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमची आजी झोपत नाही. अंगणात बाज टाकून पहाटेपर्यंत बसून राहते. लहानपणी आम्ही भावंडे तिला हसत असू. "आजी, जमीन हलली, पळ!" असे ओरडून मीही तिला एकदा घाबरवले आहे. त्याची आज मला लाज वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते. गाव थकून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळली. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. माझा धाकटा काका त्यांत होता. चार वर्षांचा.

पुढे शासनाने पक्के घर दिले. ५२ गावे नव्या जागी वसवणे हे काम लहान नव्हते, हे मी नाकारत नाही. पण घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे लहानमोठी वाटली गेली आणि जुनी गल्ली फुटली. जिच्याजवळ आजी रडली असती, ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. पंचनाम्यात घर होते, बैल होते, भांडीकुंडी होती. 'झोप लागते का?' हा रकाना मात्र नव्हता! घरच्यांनी देवऋषी केला, गंडेदोरे बांधले.

मानसशास्त्राच्या तासाला मला आजी उमगली. दचकून उठणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, 'मीच का वाचले?' ही टोचणी. हे वेड नव्हे. आधार मिळाला तर बहुतेकांचा त्रास काळाने ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांना डॉक्टर हवा, जसा मोडलेल्या हाताला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सार असे: पाहा, ऐका, आणि नातलगांशी, मदतीशी, दवाखान्याशी जोडून द्या. बोलण्याचा आग्रह नको, उपदेशही नको.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने हाहाकार केला, तेव्हा आपण धान्य-कपडे घेऊन गेलो. आठ दिवसांत परतलो. फोटो फलकावर लागले. माझे म्हणणे एवढेच की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी त्याच गावी तीन महिन्यांनी, वर्षाने पुन्हा जावे. ओट्यावर बसावे, ऐकावे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून यावा.

कोणी म्हणेल, "पोट रिकामे असताना मनाचे लाड कशाला?" पण ज्याच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागत नाही, तो सकाळी औत कसे धरणार?

गेल्या अनंत चतुर्दशीला मी आजीजवळ बाजेवर बसलो. काही विचारले नाही. पहाटे तीच बोलू लागली. काकाचे नाव मी प्रथमच तिच्या तोंडून ऐकले. इतक्या वर्षांत ऐकायला कोणी बसलेच नव्हते.